‘इन्कल्केट’, बिंबविणे आणि रुजणे : मूल्यशिक्षणाच्या भाषेची एक चिकित्सा

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘मूल्यप्रवाह’ या नावाने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०२३ मध्ये त्यांची सुधारित आवृत्तीही आली. या दस्तऐवजाचे मुख्य शीर्षक भारतीय आहे आणि उपशीर्षक इंग्रजी. उच्च शिक्षण संस्थांमध्ये मानवी मूल्ये व व्यावसायिक नीती यांचे ‘इन्कल्केशन’ व्हावे, त्यासाठी ही तत्त्वे, असे ते उपशीर्षक सांगते. प्रवाह आपल्या गतीने वाहतो, उताराकडे जातो, वाटेत जे भिजेल ते भिजवतो. ‘इन्कल्केशन’ या शब्दाच्या मुळाशी मात्र टाच आहे. एकाच मुखपृष्ठावर वाहणारे पाणी आणि रुतणारी टाच अशा दोन प्रतिमा शेजारी शेजारी बसल्या आहेत आणि त्यांच्यातील विसंवाद फारसा कोणाला जाणवलेला दिसत नाही.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे आपण ज्याला ‘नॅक’ म्हणतो त्या यंत्रणेने, आपल्या पाच गाभामूल्यांत विद्यार्थ्यांमध्ये मूल्यव्यवस्था ‘इन्कल्केट’ करण्याचा समावेश केला. तेव्हापासून महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या ध्येयविधानांत, स्वयंअध्ययन अहवालांत, राष्ट्रीय सेवा योजनेच्या वृत्तांतांत आणि स्नेहसंमेलनाच्या प्रास्ताविकांत हे क्रियापद आणि त्याची मराठी भाषांतरे अखंड वावरत आहेत. मराठी विभागातील प्राध्यापकाकडे तर हे क्रियापद हमखास चालून येते. इंग्रजी मसुदा पुढे ठेवून ‘याचे जरा चांगल्या मराठीत करून द्या’ असे सांगितले जाते. प्रस्तुत लेखाचा उगम अशा भाषांतरांतच आहे. ‘इन्कल्केट’साठी मराठीत एकच शब्द का ठरत नाही, आणि जे अनेक शब्द सुचतात ते निरनिराळ्या दिशांना का खेचतात, याचा शोध घेत असताना असे लक्षात आले की अडचण शब्दकोशाची नाही. आपण विद्यार्थ्याला वाक्यात कोठे उभे करतो, ही खरी अडचण आहे.

प्रथम मूळ क्रियापदाकडे पाहू. लॅटिनमधील ‘इन्कल्कारे’ या धातूपासून ते आले. ‘काल्क्स’ म्हणजे टाच. त्यावरून तुडविणे, पायाने दाबून आत बसविणे हा अर्थ. सोळाव्या शतकात ते इंग्रजीत रूढ झाले तेव्हा त्याचा अर्थ वारंवार सांगून, बजावून, आग्रहाने मनावर ठसविणे असा होता. आजचे इंग्रजी कोशही पुनरावृत्तीची छटा नोंदवितात. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हा आक्षेप येथे रास्तपणे घेतला जाईल. ध्येयविधान लिहिणाऱ्या प्राचार्यांच्या मनात टाच नसते, हे उघड आहे. तेव्हा टाचेवर सगळा दोष टाकून मोकळे होता येणार नाही. तथापि एक गोष्ट नोंदविणे अगत्याचे आहे. पायाने तुडविण्याची प्रतिमा मराठी मनाला परकी नाही. तेरच्या गोरा कुंभाराची आख्यायिका आपल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक असते. विठ्ठलनामात देहभान हरपून माती तुडविणाऱ्या गोरोबांच्या पायांखाली त्यांचे रांगते मूल आले आणि त्यांना ते कळलेही नाही. ही कथा भक्तीची परिसीमा म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु शिक्षकाने ती ऐकताना थोडे थबकावे, असेही वाटते. तुडविणाऱ्याचे ध्यान उदात्त तत्त्वावर एकवटले असता पायाखाली काय आहे याचा विसर पडू शकतो.

आता मराठीकडे येऊ. ‘इन्कल्केट’च्या जागी मराठीत सामान्यतः बिंबविणे, ठसविणे, रुजविणे, बाणविणे ही क्रियापदे येतात, क्वचित मुरविणे आणि भिनविणे हीही. या प्रत्येकामागे एक स्वतंत्र व्यवहार उभा आहे. ठसविण्यामागे ठसा, म्हणजे शिक्का आणि मोहोर. बिंबविण्यामागे बिंब, म्हणजे आरशातील किंवा संथ पाण्यातील प्रतिमा. रुजविण्यामागे शेत. बाणविण्यामागे शरीर, कारण गुण ‘अंगी’ बाणतो. मुरविण्यामागे लोणच्याची बरणी आणि पावसाळ्यातील जमीन. भिनविण्यामागे रंग किंवा विष. इंग्रजीत एका शब्दाखाली जे झाकले जाते ते मराठीत सहा ठिकाणी उघडे पडते. त्यामुळे भाषांतरकाराला निवड करावी लागते, आणि निवड केली की भूमिकाही घ्यावी लागते. देशप्रेम रुजवावे असे आपण लिहितो. द्वेष मात्र भिनविला जातो. मतांची सक्तीने केलेली भरणी आणि शिक्षण यांतील भेदावर इंग्रजी शिक्षणतत्त्वज्ञांनी, विशेषतः आर. एस. पीटर्स यांच्या पिढीने, १९६० च्या दशकात बरीच चर्चा केली. मराठी बोलणारा माणूस तो भेद क्रियापद बदलून सहज दाखवितो.

बिबवेवाडीत राहून ‘बिंबविणे’ या शब्दावर लिहिताना सहकाऱ्यांकडून एक विनोद ऐकून घ्यावा लागतो. वाडीच्या नावाशी या क्रियापदाचे नाते नाही. ध्वनिसाम्य योगायोगाचे आहे. परंतु बिब्बा या फळाची आठवण येथे अगदीच अप्रस्तुत नाही. कपडे ओळखू यावेत म्हणून धोबी बिब्ब्याच्या रसाने कापडावर खूण करीत, आणि ती खूण धुण्याने जात नसे. मूल्यशिक्षणाविषयी बोलताना अनेकांच्या मनात नेमकी हीच अपेक्षा असते : एकदा खूण करावी आणि ती आयुष्यभराच्या धुण्यात टिकावी. त्याच फळावरून मराठीत ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचारही आहे आणि त्याचा अर्थ चांगल्या कामात विघ्न आणणे असा होतो. बिब्बा कातडीला लागला तर ती उतते, हेही जुन्या माणसांना ठाऊक होते.

या सहाही क्रियापदांत एक समान गोष्ट आहे आणि प्रस्तुत विवेचनाचा सर्व भार तिच्यावर आहे. ही सर्व क्रियापदे प्रयोजक आहेत. रुजणे, त्यावरून रुजविणे; बिंबणे, त्यावरून बिंबविणे; ठसणे-ठसविणे, बाणणे-बाणविणे, मुरणे-मुरविणे, भिनणे-भिनविणे. म्हणजे प्रत्येकामागे एक अकर्मक क्रियापद उभे आहे आणि तेच मूळ आहे. आधी रुजण्याची क्रिया, मग ती घडवून आणणारा. इंग्रजी ‘इन्कल्केट’ला असा अकर्मक जोडीदार नाही. मूल्य आपण होऊन ‘इन्कल्केट’ होत नाही. ते कोणीतरी कोणाततरी करावे लागते. मराठी वाक्यात मात्र कर्ता बाजूला केला तरी क्रिया जिवंत राहते : ‘ते त्याच्या मनात रुजले’. कोणी रुजविले हे सांगण्याची गरजही उरत नाही. बी, माती, पाऊस आणि वेळ यांचे ते काम आहे.

गिल्बर्ट राईल यांनी १९४९ मध्ये क्रियापदांचा एक उपयुक्त भेद दाखविला होता. काही क्रियापदे प्रयत्न सांगतात, काही यश सांगतात. शोधणे हा प्रयत्न, सापडणे हे यश. इस्रायल शेफलर यांनी १९६० मध्ये हाच विचार शिकविण्याच्या भाषेला लावून पाहिला. मराठीत हा भेद शेतकऱ्यालाही शिकवावा लागत नाही. ‘पेरले, पण रुजले नाही’ हे वाक्य निर्दोष आहे आणि दरवर्षी कोणत्या ना कोणत्या तालुक्यात ते उच्चारले जाते. ‘समजावले, पण समजले नाही’ हेही चालते. परंतु ‘रुजविले, पण रुजले नाही’ असे म्हणून पाहावे; वाक्य कानाला खटकते. ‘रुजविणे’ यश गृहीत धरते. अहवालात ‘विद्यार्थ्यांमध्ये सामाजिक बांधिलकीची मूल्ये रुजविण्यात आली’ असे आपण लिहितो, तेव्हा एक दिवसाची प्रभातफेरी, एक व्याख्यान आणि उपस्थितीपत्रकावरील सह्या यांच्या आधारावर पिकाचा दाखला देत असतो. खरे तर आपण फार तर पेरलेले असते. त्यातही ‘रुजविण्यात आली’ या कर्मणी रचनेमुळे रुजविणाराही अदृश्य होतो, म्हणजे उत्तरदायित्वही जाते. ‘विद्यार्थ्यांमध्ये’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. जुन्या मराठीत गुण ‘अंगी’ बाणत, गोष्ट ‘मनावर’ बिंबत असे. अंग आणि मन कोणाचे तरी असे. ‘विद्यार्थ्यांमध्ये’ म्हटल्यावर मन जाते, अंग जाते, आणि उरतो तो समूह. इंग्रजी रचनेत मूल्य हे कर्म असते आणि विद्यार्थी शब्दयोगी अव्ययामागे जातो. आपण ती रचना जशीच्या तशी उचलली आहे.

येथे मूळ इंग्रजी शब्दाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या अर्थाने ‘इन्कल्केट’ हे प्रयत्नाचेच क्रियापद होते. वारंवार बजावणे एवढेच ते सांगत असे. ऐकणाऱ्याने मनावर घेतले की नाही याची हमी देत नसे. त्या अर्थाने ते आजच्या अहवालांपेक्षा प्रामाणिक होते. मूल्यमापनाच्या व्यवस्थेने त्याला यशाचे क्रियापद करून टाकले. टाचेपेक्षा ही बढती अधिक घातक आहे, असे माझे मत आहे.

याच संदर्भात उत्तरपत्रिकांत आढळणारा एक प्रयोग विचारात घेण्याजोगा आहे. अनेक विद्यार्थी इंग्रजीत लिहिताना ‘विद्यार्थ्यांनी वाचनाची सवय इन्कल्केट करावी’ अशा आशयाचे वाक्य लिहितात. म्हणजे स्वतःच स्वतःला सवय लावावी, असे त्यांना म्हणायचे असते. इंग्रजीचे प्राध्यापक त्याखाली लाल रेघ ओढतात आणि प्रमाण व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचे बरोबरच असते. ‘इन्कल्केट’ दुसऱ्यात करायचे असते. हा प्रयोग केवळ महाराष्ट्रात नव्हे, भारतभरच्या इंग्रजीत दिसतो. परंतु त्यामागे एक तर्क आहे. मराठीत ‘वाचनाची सवय अंगी बाणवावी’ हे वाक्य अगदी शुद्ध आहे. ‘बाणविणे’ या क्रियापदात बाणविणारा आणि ज्याच्या अंगी बाणवायचे तो एकच असू शकतो. किंबहुना बहुधा तो एकच असतो. म्हणजे विद्यार्थी चुकीच्या इंग्रजीत एक बरोबर मराठी विचार लिहीत असतो. मूल्याचा कर्ता ज्याला मूल्य हवे आहे तोच, असे त्याचे वाक्य म्हणते. गुण कापावे लागतात ते कापावेत. मात्र कापताना शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने वाक्य कोणाचे सरस आहे हे स्वतःशी तरी मान्य करावे.

मराठीत मूल्यशिक्षणाची चर्चा ‘संस्कार’ या शब्दावाचून पुढे सरकत नाही. अप्पर इंदिरानगरकडून गंगाधाम चौकाच्या दिशेने जाताना शिशुवर्गांचे, शिकवण्यांचे आणि उन्हाळी शिबिरांचे जे फलक दिसतात, त्यांत संस्कार हा शब्द नसलेला फलक शोधावा लागतो. माध्यम इंग्रजी असले तरी संस्कार मराठीतच असतात. या शब्दाचा इतिहास लांबचा आणि गुंतागुंतीचा आहे. चरकसंहितेत अन्नाच्या संदर्भात संस्कार म्हणजे पदार्थात मुळात नसलेले गुण आणणे असा विचार आढळतो, आणि तो आणणाऱ्या गोष्टींत पाणी, अग्नी, मंथन यांच्या बरोबरीने स्थळ आणि काळ यांचीही गणना आहे. न्यायदर्शनात संस्कार म्हणजे अनुभवाने मागे ठेवलेला माग, ज्यातून स्मृती जागी होते. हे दोन्ही अर्थ शिक्षणाला फार उपकारक आहेत, कारण दोहोंतही अनुभव आणि अवधी यांना स्थान आहे. परंतु लोकव्यवहारात शब्दाचा प्रभावी अर्थ धर्मशास्त्रातून आला. तेथे संस्कार हा विधी आहे आणि त्याचा अधिकार सर्वांना नाही.

हा अधिकाराचा प्रश्न महाराष्ट्रात केवळ ग्रंथांत राहिला नाही. १८९९ मध्ये कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे उघडकीस आले आणि वेदोक्त प्रकरण उभे राहिले. राज्याच्या छत्रपतीलाही कोणत्या प्रतीचा संस्कार मिळावा हे दुसरा कोणी ठरवीत होता. त्याआधी १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना करून पुरोहिताशिवाय विवाहाचा मार्ग खुला केला, तोही या अधिकाराला दिलेला जबाबच होता. ‘संस्कार’ या शब्दाला ‘असंस्कृत’ हा शब्द सावलीसारखा चिकटून येतो. ‘त्यांच्या घरी संस्कारच नाहीत’ असे वाक्य आपल्या शिक्षककक्षांत आजही सहज उच्चारले जाते, आणि ज्यांच्याविषयी ते उच्चारले जाते ती मुले बहुधा शहराच्या कोणत्या भागातून येतात हेही सर्वांना माहीत असते. मार्केट यार्डातील हमाली करणाऱ्या बापाच्या मुलात ‘श्रमप्रतिष्ठा’ रुजविण्याची योजना जेव्हा आपण आखतो, तेव्हा कोणी कोणाला शिकवावे, असा प्रश्न निर्माण होतो. पुण्यात बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हे अन्नकेंद्र सुरू केले. श्रमाच्या प्रतिष्ठेवरचे ते पुण्यातील सर्वांत टिकाऊ भाष्य आहे, आणि त्यात एकही व्याख्यान नाही.

संस्कारवाङ्मय म्हटले की साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाचे नाव पहिले येते. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक शाळांच्या बक्षीस समारंभांतून घरोघरी पोहोचले. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाने राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविले. ‘मातृप्रेमाचे आणि संस्कारांचे पुस्तक’ अशी त्याची ओळख इतकी घट्ट झाली आहे की त्याच्या रचनेकडे पाहण्याचे राहून जाते. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने ती रचनाच सर्वांत बोलकी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कथन आईचे नाही. प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्र आठवणी सांगतो आहे. आई गेलेली आहे. म्हणजे आईने काय ‘रुजविले’ याची नोंद आईने केलेली नाही; ज्याच्यात रुजले त्याने, अनेक वर्षांनी, स्वतःच्या शब्दांत ती केली आहे. क्रियापदाचा प्रयोग घेणाऱ्याच्या बाजूने झाला आहे. आईने वर्षअखेरीस अहवाल लिहिला असता तर त्यात काय आले असते? आंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या मुलासाठी दगडावर पदर पसरला. मुक्या कळ्या खुडून आणल्या म्हणून समजावले. पोहण्याला भिऊन लपून बसलेल्या मुलाला बाहेर काढून मारले आणि विहिरीवर पाठविले. यातील कोणत्या प्रसंगाला कोणते मूल्य लावायचे हे आईला त्या वेळी ठाऊक नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते. ती दिवस काढत होती. मूल्याचे नाव श्यामने दिले.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. पोहण्याच्या प्रसंगात मार आहे. टाच आहेच. या प्रसंगाचा आधार घेऊन शिक्षेचे समर्थन करणारे वाचक आहेत, आणि याच प्रसंगामुळे पुस्तक जुनाट ठरविणारेही आहेत. मला दोन्ही वाचने अपुरी वाटतात. त्या मारातून श्यामच्या मनात काय उतरले असेल तर ते केवळ मारातून नव्हे. त्याच आईच्या पदराचा, अळणी भाजीच्या रात्रीचा, लाकडाची मोळी डोक्यावर चढवू न शकणाऱ्या वृद्धेला हात दे म्हणून सांगणाऱ्या शब्दाचा तो शेजार होता. एकच हात कधी कठोर, कधी हळुवार असा अनुभवाला आल्यामुळे मुलाला त्याचा अर्थ लावता आला. शाळेने किंवा महाविद्यालयाने यातील फक्त कठोर हात उचलला तर ती ‘श्यामची आई’ होत नाही. आणि फक्त हळुवार शब्द उचलले, म्हणजे भिंतीवर सुविचार लावले, तरीही होत नाही.

या पुस्तकाच्या भाबडेपणावर टीका झाली आहे आणि ती सर्वस्वी निराधार नाही. कोकणातील एका ब्राह्मण कुटुंबाचे गृहजीवन संपूर्ण महाराष्ट्राच्या संस्कारांचा नमुना म्हणून वाटले गेले, यात वर उल्लेखिलेला अधिकाराचा प्रश्न दडलेला आहेच. परंतु लेखकाने स्वतःच्या आयुष्यात त्या आठवणींचे काय केले हे विसरून चालणार नाही. मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले. घरात जे मिळाले ते घराच्या चौकटीबाहेर, घराने कदाचित कल्पनाही केली नसेल अशा ठिकाणी उगवले. रुजणे म्हणतात ते याला. बी एका ठिकाणचे आणि झाड दुसऱ्याच आकाराचे. ‘इन्कल्केट’ करणाऱ्याला हा आकार आधी ठरवून हवा असतो.

सरकारी पातळीवरील इतिहास थोडक्यात पाहू. महाराष्ट्रात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात शालेय परिपाठाच्या जोडीने मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम आला. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, राष्ट्रभक्ती आणि राष्ट्रीय एकात्मता अशी दहा मूल्यांची यादी त्या पिढीच्या शिक्षकांना आजही पाठ आहे. वक्तशीरपणा आणि स्त्री-पुरुष समानता एकाच यादीत, एकाच मापाने बसविण्यातील विनोद त्या वेळी फारसा कोणाला जाणवला नसावा. लॉरेन्स कोलबर्ग यांनी नैतिक शिक्षणातील अशा याद्यांना ‘सद्गुणांची पिशवी’ म्हणून हिणविले होते; पिशवीत काय घालायचे हे ज्याच्या हाती पिशवी तो ठरवितो. १९९९ मध्ये शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने मूल्याधिष्ठित शिक्षणावर अहवाल दिला. सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच सार्वत्रिक मूल्ये त्याच्या केंद्रस्थानी होती. २००२ मध्ये अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याविरुद्धची याचिका फेटाळताना या अहवालाचा आधार घेतला. मूल्ये कोणती, यावरचा वाद अशा रीतीने न्यायालयापर्यंत गेला. क्रियापद कोणते, यावर मात्र वाद झाला नाही.

त्या दृष्टीने बीड जिल्ह्यात २००९ मध्ये सुरू झालेला ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम लक्षणीय आहे. शांतिलाल मुथ्था यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या या उपक्रमाचा पाया संविधानातील मूल्ये हा होता, आणि पद्धत उपदेशाची नसून जोडीने चर्चा, गटकार्य आणि खेळ यांची होती. पुढे राज्य शासनाच्या सहभागाने तो इतर जिल्ह्यांतही गेला. त्याचे नाव पाहावे : वर्धन. जे मुळात आहे ते वाढविणे. मुलाजवळ काहीतरी आहे, हे या क्रियापदाला मान्य करावेच लागते. सर्व शाळांत नावाप्रमाणे काम झाले असेल असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु ज्या शब्दाने काम सुरू होते त्याचा शिक्षकाच्या उभे राहण्याच्या पद्धतीवर परिणाम होतो, हे वर्गात शिकविणाऱ्या कोणालाही पटेल.

उच्च शिक्षणात आपली स्थिती याहून बिकट आहे, कारण आपला विद्यार्थी अठरा वर्षांचा, म्हणजे मतदार आहे. ज्याला राज्यघटना सरकार निवडण्याइतका शहाणा मानते, त्याच्यात संविधानिक मूल्ये आपण ‘इन्कल्केट’ करतो. या वाक्यातच एक विसंगती आहे. तथापि २०१७ मध्ये लागू झालेल्या ‘नॅक’च्या चौकटीत सातवा निकष संस्थात्मक मूल्यांचा आणि उत्तम उपक्रमांचा होता, आणि त्यासाठी पुरावे लागत. पुरावा म्हणजे बहुधा छायाचित्र. मूल्य छायाचित्रात येत नाही, फलक येतो. म्हणून फलकाचा आकार वाढत गेला. कोण्या एका महाविद्यालयाला यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल, कारण व्यवस्थेने जे क्रियापद दिले त्याला यशाचा पुरावा लागतो, आणि प्राध्यापकाला तो कोठून तरी आणावा लागतो. यात प्राध्यापकाचेही काही हरवते. आपण जे केले ते साधेपणाने सांगण्याची सवय हरवते.

मराठी अहवालापुरता एक व्यवहार्य पर्याय मांडता येईल. ‘रुजविण्यात आली’ या जागी जे प्रत्यक्ष घडले ते प्रयत्नाच्या क्रियापदाने आणि कर्त्यासह लिहावे : आम्ही ही चर्चा घडविली, हा ग्रंथ वाचला, या वस्तीत इतके आठवडे गेलो. आणि रुजण्याविषयी काही लिहायचे असेल तर ते विद्यार्थ्याने लिहावे, शक्य असल्यास महाविद्यालय सोडल्यानंतर काही वर्षांनी. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आपण घेतोच. तेथे देणग्यांच्या आवाहनाबरोबर हा एक प्रश्न विचारता येईल. उत्तरे गैरसोयीची येतील. काही जण सांगतील की वर्गातले काहीच आठवत नाही, पण ग्रंथालयातील सेवकाने शुल्क न भरताही पुस्तक दिले होते ते आठवते. ते उत्तर कोणत्या निकषाखाली नोंदवायचे, हा प्रश्न समितीपुढे येईल आणि तो यावाच.

मराठीत असे एक योजनानाव आधीच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि त्यांच्या स्वावलंबी शिक्षणाच्या परंपरेतून ‘कमवा व शिका’ हा मंत्र महाराष्ट्राच्या विद्यापीठांत पोहोचला. या नावात दोन क्रियापदे आहेत, दोन्ही आज्ञार्थी, आणि दोहोंचा कर्ता विद्यार्थी आहे. शिकविणाऱ्याचा त्यात उल्लेखही नाही. आपल्या अहवालात मात्र हीच योजना श्रमप्रतिष्ठेचे मूल्य रुजविणारा उपक्रम म्हणून नोंदविली जाते. त्या योजनेतील मुलगा त्या वेळी ग्रंथालयात परत आलेल्या पुस्तकांवरची धूळ पुसून ती क्रमांकाप्रमाणे मांडणीवर लावीत असतो. महिनाअखेरीस हजेरीवहीतले आपले तास तो स्वतः मोजतो, आणि एखादा तास कमी लागला असेल तर लिपिकाला तसे सांगतो.